जुन्या इंग्रजी आरशाच्या सोनेरी चौकटीचे पोपडे पुन्हापुन्हा निघत असतील तर

लक्षणे

आरशाखालच्या शेकोटीच्या कट्ट्यावर किंवा जमिनीवर पांढरे, भुसभुशीत कण पडलेले दिसतात आणि त्यांतल्या काहींच्या एका अंगाला सोन्याची चमक असते. चौकटीवर तेवढ्याच आकाराचे पांढरे किंवा तांबूस डाग उघडे पडलेले असतात. निरखून पाहिल्यास सोनेरी पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात. काही भेगांच्या कडा वर उचललेल्या असतात, तर काही ठिकाणी पृष्ठभाग वरून सलग असूनही आतून सुटून फुगलेला असतो. कोपऱ्यांच्या तिरक्या सांध्यांत फट पडते. पानांच्या माळा, मोत्यांच्या ओळी असे नाजूक नक्षीकाम असेल, तर त्यातला एखादा तुकडा तारेला लोंबत राहतो. हे तुकडे कोणीतरी चिकटवून देतो, पांढऱ्या डागांवर सोनेरी रंग फिरवला जातो आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी किंवा तिच्या अगदी शेजारी पुन्हा पोपडे निघतात.

माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या जुन्या इंग्रजी आरशांत हीच तक्रार सर्वांत जास्त असते, मग तो १८व्या शतकातला वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम याच्या शैलीतला, माथ्यावर कलश आणि दोन्ही अंगांना माळा असलेला उंच आरसा असो, किंवा १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या, रीजन्सी म्हणवल्या जाणाऱ्या काळातला, वर गरुड बसवलेला फुगीर काचेचा गोल आरसा असो. दुरुस्ती टिकली नाही की दोष चिकटवणाऱ्याला किंवा सरसाला दिला जातो. माझे मत असे की पोपडा हा परिणाम आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा खोलीच्या हवेत, आरशामागच्या भिंतीत किंवा काच पुसण्याच्या पद्धतीत असते. ते कारण दूर केल्याशिवाय लावलेला सरस एखादा हिवाळा तग धरतो, त्यापुढे नाही. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि बऱ्याच आरशांचे निदान तेवढ्यातच होते.

सुटते ते नेमके काय

रॉबर्ट ॲडम १७५८ मध्ये इटलीहून इंग्लंडला परतला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत प्राचीन रोमन अलंकरणाची भाषा इंग्रजी दिवाणखान्यांत रुजली. चौकटी सडपातळ झाल्या, नक्षी बारीक आणि मोकळी झाली. फर्निचर घडवणाऱ्या टॉमस चिपेंडेलने यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाउस या वाड्यासाठी पुरवलेले आरसे याच अभिरुचीचे आहेत. हा नाजूकपणा या आरशांचे सौंदर्य आहे आणि त्यांचे दुखणेही त्यातच आहे, कारण लाकूड जितके बारीक तितके ते हवेतल्या बदलाला लवकर प्रतिसाद देते.

चौकटीचा गाभा बहुधा पाइनसारख्या मऊ लाकडाचा असतो. त्यावर आधी पातळ सरस आणि मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे एकावर एक थर दिलेले असतात. या थराला कारागीर जेसो म्हणतात. जेसो वाळल्यावर तो घासून, कोरून नितळ केला जातो, त्यावर बोल नावाची अतिशय बारीक रंगीत चिकणमाती पुन्हा सरसातूनच लावली जाते आणि शेवटी सोन्याचा वर्ख बसवला जातो. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीच असते. तेव्हा पोपडा निघतो याचा अर्थ लाकूड आणि जेसो यांच्यातली किंवा जेसोच्याच दोन थरांमधली पकड सुटते. सोने केवळ त्याच्यासोबत निघून जाते. या सर्व थरांना बांधून ठेवणारा पदार्थ सरस हा एकच आहे, आणि सरस दमट हवेत मऊ पडतो, कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि पाणी लागले की सैल होतो.

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण तंतूंना आडव्या दिशेने ते फुगते आणि आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली आणि तिथेच काही आठवडे टिकली, तर १० सेंटिमीटर रुंदीची पाइनची पट्टी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर आकसते. तिच्यावरच्या कडक जेसोला तेवढे आकसता येत नाही. तो दाबला जातो आणि तंबूसारखा वर उचलला जातो. असे उंचवटे पट्टीच्या लांबीच्या दिशेने धावतात. याउलट पट्टीला आडव्या जाणाऱ्या, थोड्याथोड्या अंतरावरच्या भेगा जेसो स्वतः आकसल्याने पडतात, कारण त्या दिशेने लाकूड त्याला धरून ठेवते. आडव्या भेगा जुन्या आणि घट्ट बसलेल्या असतील तर त्यांच्याकडे वयाची खूण म्हणून पाहावे. काळजी करायची ती लांबीच्या दिशेने उचललेल्या कडांची.

सर्वांत आधी: पुसणे थांबवणे

पोपडे निघताना दिसले की त्या दिवसापासून चौकटीवर कापड, पिसांचा झाडू किंवा ब्रश फिरवणे पूर्ण थांबवावे. उचललेल्या कडेत कापडाचा एक धागा अडकला तरी नखाएवढा तुकडा ओढला जातो. खाली पडलेले कण झाडून टाकू नयेत. मोठे तुकडे मऊ ब्रशने कागदावर घेऊन पाकिटात ठेवावेत आणि ते चौकटीच्या कोणत्या भागाखाली सापडले ते पाकिटावर लिहावे. मूळ तुकडा मिळाला तर तो परत बसवता येतो. तो हरवला तर नवा जेसो, नवा बोल आणि नवा वर्ख लागतो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. त्याच दिवशी संपूर्ण आरशाचे आणि चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो काढावेत. पुढे दोष वाढतो आहे की थांबला आहे, हे ठरवण्याचा दुसरा कोणताही विश्वासार्ह मार्ग नाही.

टॉर्चचा तिरका प्रकाश

खोलीतले दिवे मालवून टॉर्च चौकटीला जवळजवळ समांतर धरावा आणि प्रकाश पृष्ठभागावरून घासत गेल्यासारखा हळूहळू सरकवावा. समोरून न दिसणारे फुगवटे आणि उचललेल्या कडा सावलीमुळे स्पष्ट होतात. काही जण नखाने टिचकी मारून पोकळ आवाज ऐकतात. सुटत आलेल्या पृष्ठभागावर हे करू नये.

या तपासणीत दोष किती आहे यापेक्षा तो कुठे आहे याकडे लक्ष द्यावे, कारण निम्मे निदान जागेवरूनच होते. पोपडे फक्त काचेला लागून असलेल्या आतल्या कडेला, विशेषतः खालच्या बाजूला निघत असतील, तर कारण जवळजवळ निश्चितपणे काच पुसण्याचा द्रव असतो. खालची पट्टी आणि खालचे दोन कोपरे यांचीच अवस्था वाईट असेल तर खालून येणाऱ्या उष्णतेचा संशय घ्यावा. दोष कोपऱ्यांच्या सांध्यांभोवतीच असेल तर टांगणी किंवा सांधे पाहावेत. सगळीकडे सारख्या प्रमाणात लांबट उंचवटे असतील तर ते आर्द्रतेचे काम आहे.

सांध्यातली फटही बोलकी असते. ती आतल्या, म्हणजे काचेकडच्या बाजूला उघडलेली असेल तर लाकूड सुकून आकसले आहे. बाहेरच्या टोकाकडे उघडलेली असेल तर लाकूड ओल धरून फुगले आहे.

बारीक नक्षी वेगळी पाहावी. १८व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडमध्ये माळा आणि मोती लाकडात कोरण्याऐवजी कॉम्पोचे करण्याची पद्धत पसरली. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा गरम लगदा कोरीव साच्यात दाबून हे दागिने काढले जात आणि लोंबत्या माळांना आतून लोखंडी तार दिली जाई. कॉम्पो वयाबरोबर आकसतो आणि थोड्याथोड्या अंतरावर आडवा तडकतो. तुकडे घट्ट असतील तर त्या भेगा भरू नयेत. भेगेतून तांबेरा डोकावत असेल तर मात्र आतली तार गंजून फुगते आहे आणि तो प्रश्न घरी सुटणारा नाही.

आरसा कुठे टांगला आहे

इंग्रजी घरांत अशा आरशांच्या दोन ठरलेल्या जागा आहेत: शेकोटीच्या वर, किंवा दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर. त्यांचे आकारच त्या जागांसाठी ठरवलेले असतात. मात्र घरे ज्या रीतीने तापवली जात त्यात मूलभूत फरक पडला आहे. पूर्वीच्या खोल्या थंड आणि वाऱ्या-झोतांच्या असत. आज तीच खोली ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दिवसातून दोनदा रेडिएटरने तापते आणि रात्री थंड होते.

शेकोटी पेटवली जात असेल, खाली लाकूड जाळणारी भट्टी किंवा रेडिएटर असेल, आरशावर चित्रांसाठीचा तापणारा दिवा लावलेला असेल किंवा दुपारचे ऊन थेट पडत असेल, तर आधी ते थांबवावे किंवा आरसा हलवावा. एवढ्यानेच पोपडे थांबल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. आरसा शेकोटीवरून हटवणे मालकांना जड जाते हे मी जाणतो, पण आरसा आणि पेटती शेकोटी यांतले एकच निवडावे लागते.

दोन खिडक्यांमधली भिंत बहुधा बाहेरची असते आणि तिचा धोका उलट प्रकारचा आहे. खोलीची हवा २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेची असली, पण आरशामागची भिंत १३ अंशांवर असली, तर भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे चौकटीची पुढची बाजू कोरड्या हवेत आणि मागची ओलसर हवेत राहते आणि लाकूड वाकू पाहते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाच्या लाकडाचे १ ते २ सेंटिमीटर जाडीचे तुकडे अडकवून हवा खेळती ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. भिंतीवर ओलीचे डाग असतील तर तो उपाय पुरत नाही आणि आरसा आतल्या भिंतीवर न्यावा.

हायग्रोमीटर

आर्द्रता मोजणारे साधे उपकरण १० ते १५ पौंडांत मिळते आणि या सगळ्या प्रकरणात खर्च केलेले सर्वांत उपयोगी पैसे तेच असतात. एक आरशाजवळ आणि जमल्यास दुसरे खोलीच्या समोरच्या बाजूला ठेवावे आणि सकाळी, खोली पूर्ण तापल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी आकडे लिहून ठेवावेत. एक-दोन दिवसांवरून काही ठरवू नये. थंडीचे किमान काही आठवडे तरी या नोंदीत यायला हवेत.

हे महत्त्वाचे आहे कारण माणसाला कोरडेपणा नीट जाणवत नाही. बाहेर ५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली, अगदी ओलसर वाटणारी हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास ३० टक्क्यांवर येते. इंग्लंडमध्ये बाहेर पाऊस पडत असतानाच आतला आरसा सुकत असतो, ही गोष्ट बहुतेक मालकांना पटवून द्यावी लागते आणि हायग्रोमीटर ते काम शब्दांपेक्षा चांगले करतो.

४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता राहिली तर अशी चौकट सहसा शांत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती स्थिर असावी. एका दिवसात १० टक्क्यांहून अधिक चढउतार होत असेल तर कोणतीही दुरुस्ती हाती घेण्याआधी तो कमी करावा. त्यासाठी तापवणीचा थर्मोस्टॅट दोन-तीन अंशांनी खाली आणावा, आरशाजवळचा रेडिएटर बंद करावा आणि झटपट तापवण्याऐवजी मंद व सलग उष्णता ठेवावी. आर्द्रता वाढवणारे यंत्र मी शेवटचा पर्याय मानतो. ते आरशाजवळ ठेवले तर वाफेचा झोत चौकटीवर येतो आणि थंड बाह्यभिंतींवर ओल धरते.

काच कशी पुसली जाते

घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे विचारावे. काचेवर फवारलेला द्रव ओघळून खालच्या खाचेत उतरतो, तिथे जेसो त्याला शोषून घेतो आणि आतल्या कडेचा सोनेरी पट्टा महिन्यागणिक भुसभुशीत होत जातो. त्याच द्रवाने काचेमागची कलईही खालून खराब होते. यापुढे काचेवर काहीही फवारू नये. पुसणे आवश्यकच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले मऊ सुती कापड वापरावे आणि चौकटीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर राखावे. चौकटीवर पाणी, साबण, पॉलिश, लिंबू, बेकिंग सोडा यांतले काहीही लावू नये.

टांगणी

इथून पुढे आरसा भिंतीवरून उतरवावा लागतो. काच १ चौरस मीटर आणि ४ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचेच वजन १० किलो भरते. मागच्या फळ्या आणि चौकट वेगळी. आरसा दोन माणसांनी, दोन्ही बाजूंच्या मुख्य पट्ट्यांना धरून, उभाच उतरवावा. माथ्यावरच्या कलशाला, गरुडाला किंवा कोणत्याही नक्षीला हात घालू नये. उतरवताना मोडलेले तुकडे हवेने सुटलेल्या तुकड्यांपेक्षा जास्त नुकसानीचे असतात. सुटे पोपडे हाताएवढ्या भागावर पसरलेले असतील तर आरसा स्वतः उतरवूच नये.

उतरवल्यावर तार किंवा दोरी झिजली आहे का, मागच्या कड्यांचे स्क्रू लाकडात घट्ट आहेत का आणि भिंतीतला आधार हलतो का, ते पाहावे. एकाच खिळ्यावर तार ताणून टांगलेला जड आरसा दोन्ही उभ्या पट्ट्या आत खेचत राहतो आणि तो ताण कोपऱ्यांच्या सांध्यांवर येतो. तिथला जेसो पुन्हापुन्हा तडकण्याचे हे कारण फार वेळा दुर्लक्षित राहते. मोठ्या आरशाला भिंतीत दोन स्वतंत्र आधार द्यावेत आणि खालच्या पट्टीखाली दोन लहान ब्रॅकेट लावून वजनाचा काही भाग त्यांच्यावर घ्यावा. जुन्या घरांतल्या पातळ फळ्यांवर गिलावा केलेल्या भिंतीत नुसता स्क्रू पुरत नाही, आतल्या उभ्या लाकडाचा आधार शोधावा लागतो. हे काम चांगला सुतार करू शकतो.

मागची बाजू: पारा आणि कीड

मागच्या फळ्या उघडण्यापूर्वी थांबून ही तपासणी वाचावी. जुन्या इंग्रजी आरशांची कलई चांदीची नसते, ती कथील आणि पारा यांच्या मिश्रणाची असते. काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक पद्धत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली आणि ती उद्योगात रुळायला आणखी काही दशके गेली. म्हणजे १८०० च्या आसपासचा आरसा मूळ काचेसह टिकून असेल तर त्याच्यामागे पारा आहे असेच धरून चालावे. अशी कलई समोरून निळसर-करडी दिसते, तिच्या खराब झालेल्या भागात स्फटिकांसारखे बारीक चमकते ठिपके असतात आणि पारा खाली सरकत असल्यामुळे खालची कड बहुधा अधिक बिघडलेली असते. चांदीच्या कलईला सहसा मागून रंगाचे संरक्षण दिलेले असते आणि ती कडेने काळपट-तपकिरी डागांनी बिघडते.

खाचेत, फळीवर किंवा जमिनीवर चकचकीत थेंब दिसले, तर तपासणी तिथेच संपवावी. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नये, कारण तो पाऱ्याची वाफ खोलीभर पसरवतो. खिडक्या उघडाव्यात, मुले आणि पाळीव प्राणी दूर ठेवावेत, आरसा उभाच ठेवावा आणि व्यावसायिकाला बोलवावे. पारा उडाला म्हणून नवी काच बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. त्या निळसर, किंचित अंधुक प्रतिबिंबासाठीच ती चौकट घडवलेली आहे आणि मूळ काच गेल्यावर आरशाचे मोलही मोठ्या प्रमाणात जाते.

थेंब नसतील तर फळ्या न काढता मागचे लाकूड पाहावे. १ ते २ मिलिमीटर व्यासाची गोल छिद्रे म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची बाहेर पडण्याची वाट. जुनी छिद्रे आतून काळवंडलेली असतात. ताज्या छिद्रांच्या कडा स्वच्छ आणि फिकट असतात आणि खाली खरखरीत पिवळसर भुसा पडतो. हा भुसा जेसोच्या पांढऱ्या भुकटीपासून वेगळा ओळखू येतो. खात्री नसल्यास मार्चमध्ये मागच्या सर्व छिद्रांवर पेन्सिलीने खूण करावी आणि ऑक्टोबरमध्ये नवीन छिद्रे शोधावीत, कारण ब्रिटनमध्ये हे भुंगेरे वसंत ते उन्हाळ्यातच बाहेर पडतात. कीड जिवंत असेल तर बाजारातले कीटकनाशक ओतू नये. त्यातले द्रावक जेसोतून झिरपून पुढच्या सोन्यापर्यंत पोहोचतात. मागचे जुने कागद, कारागिरांच्या खुणा, खडूने लिहिलेले आकडे जसेच्या तसे ठेवावेत.

सोने कोणत्या पद्धतीचे आहे

एकाच चौकटीवर दोन पद्धतींचे सोने असणे इंग्लंडमध्ये सामान्य आहे. बोलवर पाण्याने बसवलेला वर्ख अकीकाच्या दगडाने घोटून आरशासारखा चमकवता येतो. तेलावर बसवलेला वर्ख मंद, मखमली दिसतो. पाण्याच्या पद्धतीचे सोने ओल्या बोटानेही निघून जाते. हे आधी ओळखावे लागते, कारण दुरुस्तीचा सरसही पाण्यातच असतो. उंचवट्यांवर झीज होऊन तांबडा किंवा पिवळा बोल डोकावत असेल आणि सुमारे ८ सेंटिमीटर अंतरावर दोन वर्खांच्या जोडाच्या पुसट रेषा दिसत असतील तर वर्ख खरा आहे. रेषा नसतील, रंग दाणेदार वाटत असेल आणि खोलगट भागांत तो तपकिरी-हिरवट पडला असेल, तर पूर्वी कोणीतरी पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग लावलेला आहे. त्याच्याखाली मूळ सोने शाबूत असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तो रंग स्वतः काढू नये. ओला कापूस लावून परीक्षाही करू नये.

घरी करण्यासारखी दुरुस्ती आणि तिची हद्द

वरच्या कारणांपैकी सापडलेले कारण दूर होऊन आर्द्रता काही आठवडे स्थिर राहिल्यानंतरच सरसाला हात लावावा. घरी करण्यासारखे काम एकच आहे: पूर्ण सुटलेला, न तुटलेला आणि आपल्या जागी नेमका बसणारा कॉम्पोचा किंवा लाकडाचा तुकडा परत चिकटवणे. त्यासाठी प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला पारंपरिक सरस किंवा माशाचा सरस वापरावा. तो तुकड्याच्या मागच्या बाजूला अगदी पातळ लावावा, तुकडा जागेवर बसवावा आणि बोटाने हलका दाब देऊन धरावा. बाहेर आलेला सरस सोन्यावर पसरू न देता कोरड्या कापसाच्या बोळ्याने टिपावा. झटपट चिकटणारे सुपर ग्लू, दोन नळ्यांचे इपॉक्सी आणि पांढरा फेविकॉल यांचा आग्रह मी ठामपणे नाकारतो. त्यांचा जोड जेसोपेक्षा मजबूत असतो, म्हणून पुढच्या वेळी जोड तसाच राहतो आणि त्याच्या शेजारचा मूळ जेसो फाटतो. शिवाय ते सोडवायला गेल्यास सोने वाचत नाही.

उचललेले पोपडे परत बसवण्याचे काम मी स्वतः कसे करतो ते सांगतो, पण ते घरी करावे म्हणून नव्हे, तर व्यावसायिकाकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळावे म्हणून. भेगेत आधी बारीक ब्रशने अल्कोहोल आणि पाण्याचे थोडे मिश्रण सोडतो, म्हणजे पुढचा सरस आत ओढला जातो. मग स्टर्जन माशाच्या सरसाचे कोमट, पातळ द्रावण कडेने थेंबाथेंबाने देतो. जेसो मऊ पडायला लागला की न चिकटणाऱ्या फिल्मवरून बोटाने किंवा मऊ गादीने तो हळूच खाली दाबतो आणि वाळूच्या लहान पिशवीखाली सुकू देतो. द्रावण दाट असेल तर ते आत पोहोचत नाही, जास्त पाणचट असेल तर पाण्याचे सोने धुऊन नेते, आणि कडा दाबण्याची घाई केली तर त्या तुटतात. हात बसलेला नसताना हे मूळ पृष्ठभागावर करून पाहू नये.

कधी थांबून व्यावसायिकाला बोलवावे

पाऱ्याचे थेंब, जिवंत कीड, तडकलेली किंवा चौकटीत हलणारी काच, गंजलेल्या तारा, हलवल्यावर डुगडुगणारे सांधे, आर्द्रता स्थिर होऊनही नवीन पोपडे निघणे आणि नखापेक्षा मोठा, कडा अजून जागेला धरून असलेला फुगवटा, यांतले काहीही आढळले तर स्वतः पुढे जाऊ नये. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्झर्वेशन ही संस्था मान्यताप्राप्त संवर्धकांचे कॉन्झर्वेशन रजिस्टर चालवते. त्यात सोनेरी वर्खाच्या किंवा चौकटींच्या कामाचा अनुभव असलेली व्यक्ती शोधावी. केवळ आरसे विकणाऱ्याने किंवा चौकट बनवणाऱ्याने सुचवलेले काम आधी संवर्धकाला दाखवावे.

मुंबईत ब्रिटिश काळातल्या घरांतून निघालेले असे आरसे आजही चोरबाजारात येतात आणि तिथे दोषाची दिशा उलटी असते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, सरस मऊ पडतो आणि त्याच्यावर बुरशी धरते. त्यात दिवसातून काही तास एअर कंडिशनर चालवला की चौकट रोजच ओली-कोरडी होत राहते. तिथे एअर कंडिशनरचा थेट झोत टाळावा, आरसा पाणी झिरपणाऱ्या भिंतीवरून हटवावा आणि मागच्या बाजूला वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का ते वरचेवर पाहावे. मार्गदर्शनासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राकडे विचारणा करावी.

संवर्धकाला बोलावताना फोटो, पोपड्यांची पाकिटे आणि हायग्रोमीटरच्या नोंदी समोर ठेवाव्यात. संपूर्ण चौकटीवर नवे सोने चढवण्याचा प्रस्ताव आला, तर मूळ सोने किती टक्के शाबूत आहे आणि केवळ उघड्या जागा भरणे का शक्य नाही, हे लेखी मागावे. वापरलेल्या सरसाचे आणि भरावाचे नावही लेखी घ्यावे, कारण पुढची दुरुस्ती करणाऱ्याला ते कळले नाही तर त्याला अंदाजाने काम करावे लागते. काम झाल्यावर आरसा जिथे टांगायचा ती जागा आधी तयार ठेवावी. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडीचा सर्वांत कोरडा काळ उलटल्यावर, तेच फोटो त्याच कोनातून पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहावेत. नवी भेग दिसली तर आधी त्या महिन्यांतल्या आर्द्रतेच्या नोंदी तपासाव्यात आणि त्या नोंदींसह संवर्धकाशी संपर्क साधावा.